सैनिकांची फाईल : भगोड्याचा शेरा आणि एका माणसापुरता कायदा

(सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसात लेखनिक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले सुभेदार या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत ओहायो राज्यात असतो. सूनबाई तिथलीच. तिच्या माहेरी जुन्या पेटीत दोन कागद निघाले. तिचे खापरपणजोबा तिकडच्या यादवी युद्धात पायदळात होते. एका कागदावर फेब्रुवारी 1865मध्ये भरती आणि जून 1865मध्ये लुईव्हिलच्या छावणीतून 'डेझर्टेड' अशी नोंद आहे. दुसरा कागद म्हणजे अमेरिकन काँग्रेसच्या (तिकडच्या संसदेच्या) कायद्याची छापील प्रत. त्यात चक्क त्यांचं नाव आहे, आणि त्यांना सन्मानानं सेवामुक्त झालेले समजावं असं लिहिलंय. सूनबाई विचारते, आमचा आजा पळाला होता की नव्हता? माझे यजमान फौजेत होते म्हणून प्रश्न माझ्या गळ्यात पडला. – एक वाचक, कराड

उत्तर : ताई, पळाला होता. पण सूनबाईला हे सांगण्याआधी तारखा नीट वाचा, कारण या प्रकरणात सगळं तारखांवर आहे.

दक्षिणेच्या बंडखोर राज्यांच्या जनरल लीनं शरणागती पत्करली 9 एप्रिल 1865ला. मे महिन्याच्या 23 आणि 24 तारखेला वॉशिंग्टनमध्ये विजयी फौजांचं मोठं संचलन झालं. त्यानंतर पश्चिमेकडच्या पलटणी, त्यात ओहायोच्या बऱ्याच, केंटकी राज्यात लुईव्हिलला नेऊन ठेवल्या. बऱ्याच जणांची सुटका जुलैमध्ये झाली. म्हणजे युद्ध संपलेलं, शत्रू उरलेला नाही, शेतात गहू कापणीला आलेला, आणि हा गडी ओहायो नदीच्या काठावर तंबूत बसून हजेरी देतोय. नदीपलीकडे घराचा रस्ता. असे कित्येक जण 'आता काय राहिलंय' म्हणून सरळ चालू पडले. पुढे कंपनीची शेवटची यादी वाचली गेली, नाव पुकारलं, उत्तर आलं नाही, आणि लेखनिकानं शेरा मारला. मी त्या लेखनिकाला दोष देणार नाही. माणूस हजर नाही, रजेचा कागद नाही, तर तो दुसरं काय लिहिणार?

त्या शेऱ्याची किंमत लगेच कळली नाही. तरुण माणूस, हातपाय धड, पेन्शन कुणाला हवी होती! ती कळली पंचवीस वर्षांनी. 27 जून 1890च्या कायद्यानं ज्यांनी किमान 90 दिवस नोकरी केली, सन्मानानं सुटका घेतली आणि आता अंगमेहनतीला जे असमर्थ आहेत, त्यांना महिना 6 ते 12 डॉलर पेन्शन लागू झाली. दुखणं लढाईतलंच हवं ही अटसुद्धा काढून टाकली. तुमच्या सुनेच्या आजोबांचे दिवस 90च्या वर भरतात. अडलं ते 'सन्मानानं' या एका शब्दापाशी.

त्याआधी 2 मार्च 1889ला काँग्रेसनं एक सरसकट कायदाही केला होता. 1 मे 1865पर्यंत जो इमानानं टिकला आणि त्याआधी ज्याची सहा महिने नोकरी झाली होती, त्याचा भगोड्याचा शेरा युद्ध खात्यानंच काढावा. हजारो शेतकरी त्यात सुटले. पण फेब्रुवारीत भरती झालेल्या माणसाचे 1 मेपर्यंत तीन महिनेही होत नाहीत! माझ्या मते आजोबा इथे अडकले. दोन वर्षं बंदुकीला बंदूक लावून लढलेला आणि मग निघून गेलेला सुटला, आणि उशिरा आलेला राहिला. अशा माणसाला एकच रस्ता उरायचा, तो म्हणजे स्वतःच्या नावाचा कायदा. त्याला तिकडे खासगी विधेयक म्हणतात.

रस्ता असा होता. आपल्या भागाच्या काँग्रेस सदस्याला गाठायचं. तो विधेयक मांडायचा. ते लष्करी कामकाजाच्या समितीकडे जायचं, समिती युद्ध खात्याकडून रेकॉर्ड मागवायची. सोबत प्रतिज्ञापत्रं लागायची : तंबूतला जोडीदार, गावचा डॉक्टर, शेजारी. 'आई आजारी होती', 'वरिष्ठानं तोंडी परवानगी दिली होती', 'मला वाटलं युद्ध संपलं म्हणजे नोकरी संपली'. हे शेवटचं कारण तर इतक्या जणांनी दिलंय की ते खरं असणार. मग दोन्ही सभागृहं, मग राष्ट्राध्यक्षांची सही. एका पायदळ शिपायासाठी!

आता तुमच्याकडच्या प्रतीतली भाषा पाहा. साधारण असं असेल : सन्मानानं सेवामुक्त झालेल्या सैनिकांना ज्या कायद्यांनी हक्क आणि सवलती मिळतात, त्या कायद्यांच्या अंमलबजावणीत अमुक नावाचा, अमुक रेजिमेंटच्या अमुक कंपनीचा शिपाई, अमुक तारखेला सन्मानानं सेवामुक्त झाला असं यापुढे धरलं जावं. आणि लगेच खाली अट : हा कायदा होण्याआधीच्या काळाची कुठलीही बाकी, पगार, बक्षिसी वा पेन्शन देय होणार नाही.

'धरलं जावं', इतकंच. 'तो पळाला नव्हता' असं कायदा म्हणत नाही. सुरुवातीच्या काळात काँग्रेस थेट 'रेकॉर्ड दुरुस्त करा' असं फर्मावायची आणि युद्ध खातं कुरकुरायचं, की 1865 साली जे घडलं ते 1890 सालच्या ठरावानं न घडलेलं कसं होईल? म्हणून ही वाक्यरचना आली. कायद्याच्या शीर्षकात 'लष्करी रेकॉर्ड दुरुस्त करण्यासाठी' हे शब्द पुढेही राहिले, पण पोटातल्या मजकुरानं रेकॉर्डला हात लावला नाही. मला हे फार पटतं. आमच्याकडेही चुकीच्या नोंदीवर तांबड्या शाईची एकच बारीक रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला कुठल्या हुकमानं बदल केला ते लिहायचं, असं शिकवलं होतं. खरवडून काढलेली नोंद दिसली की तपासणीला आलेला साहेब आधी तिथेच बोट ठेवायचा.

त्या काळी वॉशिंग्टनच्या रेकॉर्ड आणि पेन्शन कार्यालयावर फ्रेड एन्सवर्थ नावाचा अधिकारी होता, मूळचा डॉक्टर. त्यानं हजेरीपटातल्या प्रत्येक नोंदीचं वेगळं कार्ड करून प्रत्येक शिपायाची कार्डं एका पाकिटात घालायची पद्धत बसवली. जुने हजेरीपट हाताळून फाटायचे थांबले आणि उत्तरं झटपट निघायला लागली. पुढे लष्करप्रमुखाशी भांडण होऊन 1912मध्ये त्याला निवृत्त व्हावं लागलं, पण कार्डं राहिली. सूनबाई आजोबांची फाईल मागवेल तेव्हा तीच कार्डं तिच्या हातात पडतील.

ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवावी. सेवेच्या रेकॉर्डला फॉर्म 86, पेन्शनच्या फाईलला फॉर्म 85. दोन्ही मागवा. सेवेच्या पाकिटात तारखा असतात, पेन्शनच्या फाईलमध्ये माणूस असतो : लग्न, मुलं, दुखणी, कोण साक्षीला आला, कोणी उलट साक्ष दिली. आणि त्या विधेयकावर समितीनं दिलेला छापील अहवालही शोधायला सांगा. आजोबांनी स्वतःची बाजू काय मांडली ते बहुधा तिथेच सापडेल.

प्रश्न : एकेका शिपायासाठी संसदेनं कायदा करायचा म्हणजे वशिल्याचाच बाजार की. यावर कोणी बोललं नाही का? – निवृत्त शिक्षक, सोलापूर

उत्तर : बोलले, आणि सगळ्यात मोठ्यानं बोलले ते राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड. 1886च्या मे महिन्यात त्यांच्या टेबलावर एका दिवसात सुमारे 240 खासगी पेन्शन विधेयकं आली. प्रतिनिधिगृहात शुक्रवारची संध्याकाळ यासाठी राखलेली असायची, सभागृह जवळपास रिकामं आणि विधेयकं भराभर मंजूर. क्लीव्हलँडनी ती एकेक वाचायला घेतली. पहिल्या कार्यकाळात त्यांनी 414 विधेयकं अडवली, त्यातली निम्म्याहून जास्त अशीच पेन्शनची. एका शिपायाची नोकरी होती एक महिना सतरा दिवस, तीही दुसऱ्याच्या बदली, आणि त्यातला बराच काळ गोवरानं दवाखान्यात. नकाराच्या संदेशात क्लीव्हलँडनी त्याच्या गोवराशी झालेल्या 'भीषण झुंजी'ची अशी खिल्ली उडवली की आजही वाचताना हसू येतं. माजी सैनिक मात्र हसले नाहीत. कारण स्वतः क्लीव्हलँडनी यादवी युद्धात 150 डॉलर देऊन आपल्या जागी दुसरा माणूस पाठवला होता.

त्यांच्या नकारांनी लोंढा थांबला नाही. 1905 ते 1907 या एका काँग्रेसच्या मुदतीत 6,249 खासगी कायदे झाले, त्यात पेन्शनचेच बहुसंख्य.

वशिल्याचं म्हणाल तर जनरल फिट्झ जॉन पोर्टरचं उदाहरण घ्या. यादवी युद्धातल्या बुल रनच्या दुसऱ्या लढाईत हुकूम पाळला नाही म्हणून जानेवारी 1863मध्ये कोर्ट मार्शलनं त्याला बडतर्फ केलं. 1879मध्ये चौकशी मंडळानं त्याला निर्दोष ठरवलं. 1884मध्ये त्याच्यासाठीचं विधेयक मंजूर झालं तर राष्ट्राध्यक्ष आर्थरनी अडवलं, मुद्दा असा की अधिकारी नेमायचा अधिकार राष्ट्राध्यक्षाचा, काँग्रेसनं नाव घालून हुकूम सोडायचा नाही. शेवटी 1886मध्ये क्लीव्हलँडनीच सही केली. पोर्टरला कर्नलचा हुद्दा परत मिळाला, थकलेला पगार एक सेंटही नाही. तेवीस वर्षं. आणि हा जनरल होता, वर्तमानपत्रं त्याच्यासाठी भांडत होती.

प्रश्न : काळ्या सैनिकांना या पद्धतीचा फायदा झाला का? मी इतिहासात एम. ए. करतोय. – एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : हेन्री फ्लिपरचं प्रकरण वाच बाबा, तुझा एक अख्खा पेपर होईल.

जन्म 1856, जॉर्जियातल्या थॉमसव्हिलला, गुलाम म्हणून. 1877मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून बाहेर पडलेला पहिला काळा अधिकारी. 1881मध्ये टेक्सासच्या फोर्ट डेव्हिसला त्याच्याकडे रसद भांडाराचा हिशोब होता आणि त्यात पैसे कमी भरले. ज्यानं कधी स्टोअर सांभाळलंय त्याला ठाऊक आहे की शॉर्टेज सापडला की पोटात कसा गोळा येतो. फ्लिपरनं तो कमांडिंग ऑफिसरपासून लपवला आणि स्वतः भरून काढायच्या मागे लागला. कोर्ट मार्शलनं अफरातफरीच्या आरोपातून त्याला सोडलं, पण अधिकाऱ्याला न शोभणाऱ्या वर्तनासाठी दोषी धरलं. 30 जून 1882ला बडतर्फ.

माणूस खचला नाही. सर्वेक्षक, इंजिनिअर, स्पॅनिश जमीन कायद्यांचा जाणकार म्हणून त्यानं नाव काढलं. 1921मध्ये तो थेट गृहमंत्र्याच्या हाताखाली वॉशिंग्टनमध्ये काम करत होता. (तिकडचं ते खातं जमिनी आणि खाणींचं असतं, पोलिसांचं नव्हे.) आणि 1898पासून तो काँग्रेसमध्ये स्वतःसाठी विधेयक मांडायला लावत होता. एक पडलं की दुसरं. एकही मंजूर झालं नाही. 1940मध्ये तो अटलांटात वारला.

ज्याला पाठीशी मतदारसंघ होता त्याच्यासाठी हा रस्ता होता. दक्षिणेत काळ्या माणसाचं मतच हिरावलेलं, मग त्याच्या विधेयकासाठी कोणता सदस्य हट्ट धरणार? मला या साऱ्या पद्धतीचा राग येतो तो इथे. कराडच्या ताईंच्या सुनेचे आजोबा कायद्याच्या दृष्टीनं पळालेच होते आणि त्यांना कायदा मिळाला. फ्लिपर पळाला नव्हता.

फ्लिपरचं काम केलं ते मंडळानं. 1976मध्ये जॉर्जियातल्या एका शिक्षकाच्या आणि वारसांच्या अर्जावर सैन्याच्या रेकॉर्ड दुरुस्ती मंडळानं निकाल दिला : शिक्षा रद्द करायचा आम्हाला अधिकार नाही, पण बडतर्फीऐवजी 30 जून 1882 या तारखेची सन्मानाची सेवामुक्ती द्यावी. दोषाचा भाग उरला होता, त्याला 19 फेब्रुवारी 1999ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटननी माफी दिली.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या डिस्चार्ज बुकात आईचं नाव वेगळं आणि आधारवर वेगळं आहे. वडील गेले, फॅमिली पेन्शन अडकली. आमच्या खासदारांनी खासगी विधेयक आणलं तर होईल का? – एक वाचक, चंदगड

उत्तर : दादा, खासदारांना त्रास देऊ नका. आपल्याकडे वर्तमानपत्रात ज्याला खासगी विधेयक म्हणतात ते मंत्री नसलेल्या सदस्यानं मांडलेलं, पण सगळ्या देशासाठीचं विधेयक असतं. लोकसभेत त्यालाही शुक्रवारच मिळतो, दुपारचा! 1970नंतर तसं एकही मंजूर झालेलं नाही. एका शिपायाची नोंद बदलायला आपली संसद कायदा करत नाही.

तुमचं काम त्यापेक्षा सोपं आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र, लग्नाचा पुरावा आणि नावाचे इतर कागद घेऊन अर्ज वडिलांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवायला लावा. तिथे पार्ट टू ऑर्डर (नोंदीतल्या बदलाचा अधिकृत हुकूम) निघते आणि मग पेन्शनच्या आदेशाची दुरुस्ती होते. आणखी काय कागद हवेत ते रेकॉर्ड ऑफिस लेखी कळवेल. तोंडी उत्तरावर परत फिरू नका, पोच घ्या. आमच्या भागात माहेरचं एक नाव, सासरचं दुसरं, आणि भरतीच्या वेळी नवऱ्यानं घाईत सांगितलेलं तिसरं, हे घरोघरी आहे. बाबू लोकांना ते नवीन नाही.

लेखी नकार आला तर मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचा कायदा 2007चा, आणि वारसांनाही तिथे दाद मागता येते. तुम्ही महाराष्ट्रात राहता तेव्हा मुंबईचं खंडपीठ. अंतिम नकारापासून सहा महिन्यांची मुदत असते. उशिराचं कारण पटलं तर ते माफ करतात, पण त्या भरवशावर बसू नका.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकन सैन्यात होता. त्याला 'जनरल' प्रकारचा (पूर्ण सन्मानाच्या एक पायरी खालचा) डिस्चार्ज मिळाला, त्यामुळे कॉलेजचे पैसे मिळत नाहीत. त्याच्या काँग्रेस सदस्याकडून विधेयक आणता येईल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. 2 ऑगस्ट 1946च्या कायदेमंडळ पुनर्रचना कायद्यानं काँग्रेसनं स्वतःलाच मनाई करून घेतली. गंमत अशी की एकाच कलमात तीन गोष्टींची खासगी विधेयकं बंद झाली : नुकसानभरपाई आणि पेन्शनचे दावे, जलवाहतुकीच्या नदीवरचे पूल, आणि सैनिकी रेकॉर्डची दुरुस्ती. पूल आणि शिपाई एका दावणीला! दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, लाखो सैनिक घरी परतत होते. प्रत्येकासाठी विधेयक म्हणजे काँग्रेसला दुसरं काम उरलं नसतं. त्याच कायद्यानं सैन्याच्या खात्यांच्या सचिवांना बिगरलष्करी माणसांच्या मंडळामार्फत चूक सुधारायचा आणि अन्याय दूर करायचा अधिकार दिला. 1951पासून त्यांना अडकलेले पैसेही देता येतात. फ्लिपरला न्याय मिळाला तो या मंडळाकडून.

तुमच्या भाच्यानं आधी डिस्चार्ज पुनर्विलोकन मंडळाकडे जावं. फॉर्म डीडी 293, मुदत सुटल्यापासून 15 वर्षं. तिथे जमलं नाही, किंवा डिस्चार्ज जनरल कोर्ट मार्शलच्या शिक्षेचा असेल, तर रेकॉर्ड दुरुस्ती मंडळ, फॉर्म डीडी 149. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत, पण न्यायाचं कारण दाखवलं तर मुदत माफ होते. फी नाही. सोबतच्या जवानांची पत्रं, दवाखान्याचे कागद, वरिष्ठांचे जुने शेरे जोडावेत. निर्णय बहुतेक वेळा कागदांवरच होतो, समोर बोलावणं क्वचित, म्हणून जे सांगायचं ते पहिल्याच अर्जात लिहावं. काँग्रेस सदस्याच्या कार्यालयाला त्यानं पत्र जरूर लिहावं, ते अर्ज कुठे आहे याची चौकशी करून देतात. अर्जाला महिनोन् महिने लागतात, तेव्हा पत्ता बदलला तर मंडळाला कळवायला सांगा.